पडद्याचा काय दोष?

गिरगावातल्या चाळीत कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला की सर्वांत आधी माणसं जमतात. कुणाला बोलवावं लागत नाही. "त्यांचा मॉनिटर उडाला" ही बातमी सामायिक गॅलरीतून आपोआप जिन्यापर्यंत पोचते. वास्तविक मॉनिटर उडालेला नसतो. तो टेबलावर जागच्या जागी असतो आणि त्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात शांतपणे फिरत असतात. पण 'उडाला' म्हटल्याशिवाय शेजारी हातातलं काम टाकून येत नाहीत.

जमलेल्यांत एक काका असतातच. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा संध्याकाळी त्याच्यावर कापडी खोळ घालायची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि तेव्हापासून या विषयातला त्यांचा अधिकार कुणी नाकारलेला नाही. काका मॉनिटरच्या डोक्यावर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "तापलाय." चालू मॉनिटर थोडा तापणारच, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नसते. समोरच्या खोलीतल्या काकू दारातूनच सुस्कारा टाकतात, "आमच्या भावोजींचा अस्साच झाला होता हो. आधी असाच काळा पडला, मग दोन दिवसांत गेलाच." हे त्या अशा सुरात म्हणतात की आतल्या खोलीतून आजी विचारतात, "कोण गं गेलं?" तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा येतो आणि कशालाही हात न लावता सांगतो, "ग्राफिक्स कार्ड गेलंय." त्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड मुळात आहे की नाही, ही त्याच्या दृष्टीनं गौण बाब असते.

अर्ध्या तासात चहा होतो आणि निकाल लागतो. निकाल नेहमी एकच: "दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. नवीन घ्या सरळ." दुसऱ्याच्या खिशातले आठ-दहा हजार खर्च करताना आपल्याकडे कधी मतभेद होत नाहीत.

आता हा निकाल किती उलटा आहे बघा. 'नो सिग्नल' ही अक्षरं कोण लिहितं? मॉनिटर लिहितो. म्हणजे त्याला वीज मिळते आहे, आतला दिवा लागतो आहे, काच शाबूत आहे आणि स्वतःची तक्रार स्वतः लिहून देण्याइतका तो शुद्धीवर आहे. त्या अख्ख्या टेबलावर आपण ठणठणीत असल्याचा लेखी पुरावा देणारी ती एकटीच वस्तू. आणि भंगारात काढायचा ठराव नेमका तिच्याच विरुद्ध मंजूर होतो. दोष मागे कुठेतरी असतो: केबलमध्ये, केबलच्या टोकात, नाहीतर टेबलाखालच्या त्या डब्यात, ज्याला आपण सगळे प्रेमानं सीपीयू म्हणतो.

गिरगावकरांनी तरी असं करायला नको. पडद्याशी या भागाचा संबंध आजकालचा नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला तो इथल्या कॉरोनेशनमध्ये. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी लागला तोही इथल्याच मॅजेस्टिकमध्ये. पलीकडे लॅमिंग्टन रोडला मिनर्व्हात 'शोले' सत्तर एमएमच्या पडद्यावर पाच वर्षं मुक्कामाला होता. लालबाग-परळच्या गिरणगावाला भारतमाता होतं, दादरला प्लाझा. या सगळ्या थिएटरांत कधी ना कधी चित्र मध्येच गायब झालेलं आहे. तेव्हा प्रेक्षक काय करत? मान वळवून मागे बघत. केबिनच्या त्या चौकोनी भोकाकडे बघून शिट्ट्या मारत आणि आतल्या माणसाच्या खानदानाची आस्थेनं चौकशी करत. स्टॉलमध्ये बसलेल्या, रात्रपाळी करून आलेल्या गिरणी कामगारालाही पक्कं ठाऊक होतं की चित्र मागून येतं. पडदा खराब झाला, नवीन पडदा आणा, असं ओरडल्याचं कधी ऐकिवात नाही.

टीव्ही आला तेव्हाही ही अक्कल शाबूत होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चाळीच्या कौलांवर वरळीकडे तोंड करून अँटेना उभ्या राहिल्या. टीव्हीत मुंग्या आल्या की घरातला धाकटा छपरावर जायचा. तो वरून ओरडायचा, "आलं का?" खालून घरमालक ओरडायचे, "येतंय... येतंय... आलं! सोड आता." त्यानं सोडलं की जायचं. मग, "धरून ठेव रे जरा, बातम्या होईपर्यंत!" टीव्हीच्या डोक्यावर एखादी थापही मारली जायची, नाही असं नाही, पण ती आपली रीत म्हणून. खरा इलाज वर चालू असायचा.

कॉम्प्युटरपाशी आल्यावर मात्र हे सगळं विसरायला होतं. कारण त्याच्या मागे बघायचं तर टेबल ओढावं लागतं. टेबल ओढायचं तर त्याच्या खालच्या पापडाच्या डब्यांची, जुन्या दिवाळी अंकांची आणि गेल्या गणपतीतल्या मखराच्या थर्माकोलची दुसरीकडे व्यवस्था लावावी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत 'दुसरीकडे' अशी जागाच नसते. त्यापेक्षा नवीन मॉनिटर घेणं सोपं वाटतं, यात माणसांचा तरी किती दोष?

पण समजा, ओढलंच टेबल. तर पहिली तपासणी विजेची. शहर बेटाला वीज पुरवते बेस्ट आणि ती सहसा येत असते. ती अडकते ती आपल्या घरातल्या मल्टिप्लगमध्ये. एका भोकात देवघरातली माळ, दुसऱ्यात मोबाईल, तिसऱ्यात वाय-फायचा डबा. काकूंना चटणी वाटायची असते म्हणून त्या "एक मिनिट हं" म्हणत मॉनिटरची पिन काढून मिक्सर लावतात. चटणी होते. पिन परत जाते, पण मॉनिटरची नाही, हाताला लागेल ती. मॉनिटरचा छोटा दिवा पूर्ण विझलेला असेल तर आधी स्वयंपाकघरात चौकशी करावी. दिवा लुकलुकत असेल किंवा पिवळा-केशरी असेल तर वीज आहे, साहेब झोपलेत, एवढाच अर्थ.

दुसरी तपासणी सोर्सच्या बटणाची. हल्लीच्या मॉनिटरला मागे दोन-तीन तोंडं असतात आणि कुठल्या तोंडाकडे लक्ष द्यायचं ते त्याला सांगावं लागतं. केबल एचडीएमआयला लावायची आणि मॉनिटर व्हीजीएकडे कान देऊन बसलेला, ही निम्म्या घरांतली कहाणी आहे. बटण दाबलं की झालं. पण बटण सापडलं तर ना! बारीक दिसण्याच्या हौसेपायी कंपन्यांनी बटणं पडद्याच्या खालच्या काठाला, उलट्या बाजूला दडवली आहेत. बोटांनी चाचपडत दाबायची. सोर्स दाबायला जावं तर आवाज वाढतो, आवाज कमी करायला जावं तर मेनू उघडतो, आणि मेनूतून बाहेर पडायच्या प्रयत्नात मॉनिटरची भाषा कोरियन होते. पुढचा तासभर घर कोरियन शिकतं. या अवस्थेत एकच उपाय असतो, मेनूत 'फॅक्टरी रीसेट' ज्या जागी असायचं तिथे श्रद्धेनं बोट ठेवायचं.

तिसरी केबल. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे.

जुन्या मशीनला निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असते. आयबीएमनं ती १९८७ साली आणली. त्या साली जन्मलेल्यांना आता चाळिशीचा चष्मा लागतोय, पण केबल अजून कामावर जाते. तिच्या तोंडात तीन ओळींत पंधरा पिना. काका केबल उपसतात, उजेडाकडे धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विजयी मुद्रेनं सांगतात, "सापडलं! एक पीन तुटलीये." सगळे आळीपाळीनं बघतात. खरंच, मधल्या ओळीत एक भोक रिकामं. काकांचं अभिनंदन होतं. आता त्यांचा उत्साह मोडणं जिवावर येतं, पण ती नववी पीन आहे आणि कित्येक व्हीजीए केबलींना ती जन्मतःच नसते. मूळ रचनेत ती जागा रिकामीच ठेवलेली होती. त्या एका न असलेल्या पिनेपायी मुंबईत किती चांगल्या केबली कचऱ्यात गेल्या असतील याची गणती नाही.

खरी भानगड पहिल्या तीन पिनांत असते. पहिली लाल रंग वाहते, दुसरी हिरवा, तिसरी निळा. घाईत केबल तिरकी खुपसली की यांतली एखादी वाकते. लाल गेला तर पडदा निळसर-हिरवा, हिरवा गेला तर गुलाबी आणि निळा गेला तर सगळ्या जगाला कावीळ. पिवळा पडलेला एक्सेलचा तक्ता बघून "पॅनल गेलं" असं सांगणारे भेटतात. पॅनल कुठेही गेलेलं नसतं. चिमट्यानं पीन सरळ करायची, केबल सरळ लावायची आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे. दोन्ही, हे मुद्दाम सांगतो. आपण एकच आवळतो. दुसरा भिंतीच्या बाजूला असतो आणि तिथे हात जात नाही, म्हणून महिन्याभरात केबल एका अंगानं लोंबू लागते आणि पुन्हा चाळ जमते. त्यातून गिरगावात चौपाटीचा खारा वारा आणि चार महिने पावसाची ओल. पिनांवर काळसर थर चढतो. बरेचदा केबल दोन-चार वेळा आत-बाहेर केली की तो खरवडला जातो आणि चित्र येतं. मग म्हणायचं, "हात गुणाचा आहे हो काकांचा."

एवढं करूनही पडदा काळाच राहिला तर हार्डवेअरवाल्याला बोलावलं जातं. हा साधारण पंचविशीतला, पाठीवर सॅक, कानात फोन. तो मॉनिटरकडे ढुंकूनही बघत नाही, ही त्याच्या विद्येची खूण. तो खाली वाकतो, डब्याचं झाकण उघडतो, आतून रॅमची पट्टी काढतो आणि विचारतो, "मावशी, खोडरबर आहे का?" शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतून खोडरबर येतं. रॅमच्या सोनेरी दातांवर तो ते घासतो, फुंकर मारतो, पट्टी खटकन बसवतो आणि बटण दाबतो. पडद्यावर विंडोज उगवते. परदेशी प्रयोगशाळांत या उपचाराविषयी काय मत असेल कोण जाणे, पण दमट हवेत धातूच्या टोकांवर थर चढतो आणि तो घासला की संपर्क होतो, यात चमत्कार काही नाही. चमत्कार हा की पाचशे रुपये देताना कुणी विचारत नाही, खोडरबर तर आमचंच होतं.

क्वचित मॉनिटरही खरोखर आजारी असतो, त्याच्यावर अन्याय नको. त्याची परीक्षा सोपी आहे. रात्री खोलीतले दिवे घालवायचे आणि बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका, अगदी जवळून मारायचा. अंधारात फिकट, भुतासारखं चित्र दिसलं तर चित्र येतंय, मागचा दिवा गेला आहे. एलसीडी काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागे पूर्वी बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडी असतात. (म्हणून "आम्ही एलईडी मॉनिटर घेतला" म्हणणाऱ्यांनी घेतलेला असतो एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा.) ही परीक्षा चाळीत करायची अडचण एकच. अंधारात पाच-सहा माणसं मॉनिटरभोवती बॅटरी घेऊन वाकलेली बघून खालच्या मजल्यावर वेगळीच बातमी जाते.

आणि एक गोष्ट जी कुणीच करत नाही: एका वेळी एकच वस्तू बदलणं. आपल्याकडे केबल काका बदलतात, सॉकेट मुलगा बदलतो, त्याच वेळी काकू उदबत्ती लावतात, आणि चित्र आलं की श्रेय तिघांत वाटावं लागतं. पुढच्या वेळी पुन्हा तिघांना बोलवावं लागतं, कारण नक्की काय लागू पडलं ते कुणालाच माहीत नसतं.

केबलच बदलायची ठरली, तर लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन केव्हाच गेला, पण ग्रँट रोडच्या टॅक्सीवाल्याला अजून त्याचाच पत्ता ठाऊक. एकेकाळी इथे रेडिओचे सुटे भाग मिळत, मग टीव्हीचे, मग कॉम्प्युटरचे. दुकानं एवढी अरुंद की दुकानदार आत आणि गिऱ्हाईक फुटपाथवर. तिथे जाऊन काका म्हणतात, "केबल हवी होती."

"कौनसा?"

"मॉनिटरची."

"वो समझा. पीछे क्या है?"

काका दचकून मागे वळून बघतात. मागे एक हातगाडी असते. दुकानदाराला मॉनिटरच्या मागचं तोंड विचारायचं होतं. काका सावरतात आणि हातानं हवेत आकार काढतात, "ते चपटं असतं बघा, जरा लांबुळकं." चपटी आणि लांबुळकी तोंडं निदान दोन आहेत. दोन्ही खालचे कोपरे तासलेले असले तर एचडीएमआय, त्यात १९ पिना. एकच कोपरा तासलेला असला तर डिस्प्लेपोर्ट, त्यात २०. "मेल चाहिए या फीमेल?" हा पुढचा प्रश्न येतो तेव्हा फुटपाथवर दोन भगिनी उभ्या असतात, त्यामुळे काका आवाज खाली आणून "साधी द्या" म्हणतात. साधी मिळते. ती घरी बसत नाही.

या केबलींचं गोत्र एकदा समजून घेतलं तर पुढचे हेलपाटे वाचतात. एचडीएमआय ही टीव्हीवाल्यांची. २००२ च्या डिसेंबरात सोनी, हिताची, तोशिबा, फिलिप्स वगैरे सात कंपन्यांनी मिळून काढली. चित्र आणि आवाज एकाच तारेतून. डिस्प्लेपोर्ट कॉम्प्युटरवाल्यांची, २००६ ची. तिला बारीक खटका असतो, तो दाबून मगच ओढायची. न दाबता ओढणाऱ्यांमुळे दुरुस्तीवाल्यांची चूल पेटते. मधल्या काळातली पांढऱ्या तोंडाची, स्क्रूवाली डीव्हीआय १९९९ ची. तिच्यातून चांगलं चित्र येतं, पण आवाज सहसा येत नाही. आणि व्हीजीए? इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो अशा बड्या मंडळींनी डिसेंबर २०१० मध्ये एकत्र येऊन जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत तिला निरोप द्यायचा. ही बातमी आपल्या सहकारी बँकांपर्यंत पोचायची आहे.

एका गोत्रातून दुसऱ्यात जायला कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्टर जातो एकाच दिशेनं. हे दुकानदार सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल तर एक वस्तू. कॉम्प्युटरला व्हीजीए आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर दुसरीच. दोन्हींच्या पाकिटावर सारखीच अक्षरं उलटसुलट छापलेली. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जायला स्वस्त तुकडा बहुधा चालतो. उलट जायचं तर आत चिप असलेला महागडा लागतो आणि बऱ्याचदा त्याला यूएसबीतून वीजही पाजावी लागते. तेव्हा दुकानात "कुठून कुठे" हे आधी सांगावं. मुंबईकराला हे अवघड जाऊ नये, तिकीट काढतानाही तेच सांगतो आपण.

सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्यावी का? माझं मत: नाही. सोनं गंजत नाही, म्हणून खाऱ्या हवेत टोक जरा जास्त टिकेल, एवढंच. चित्र उजळ होत नाही. व्हीजीएमध्ये केबल वाईट असली की चित्र धूसर व्हायचं, अक्षरांना सावल्या यायच्या. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमध्ये आकडे जातात. ते पोचले तर चित्र अख्खं; नाही पोचले तर ठिणग्या उडतात, नाहीतर पडदा मिटतो. अधलंमधलं 'सोनेरी' चित्र नसतं.

फरक पडतो तो आवृत्तीनं. लालबागला एक तरुण परवा-परवा फोर-के मॉनिटर घेऊन आला. चित्र सुरेख, पण माऊस हलवला की बाण मागून फरफटत येई. "कंपनीनं फसवलं," असं मंडळाच्या ऑफिसात ठरलं. कंपनीनं फसवलं नव्हतं. केबल कपाटातली जुनी होती आणि लॅपटॉपचं तोंड त्याहून जुनं. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे म्हणजे पन्नास कोटींच्या घरात. जुन्या १.४ आवृत्तीच्या एचडीएमआयमधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, त्यात हे ३० वेळाच मावतं. २०१३ च्या २.० मधून १८ गिगाबिट जातात, तिथे ६० वेळा मावतं. २०१७ च्या २.१ मधून तर ४८. लालबागच्या पोराला हे कुणी समजवायला नको होतं खरं तर. लालबागचा राजा तोच असतो, पण मुखदर्शनाची रांग वेगळी आणि नवसाची रांग वेगळी. कुठल्या रांगेत उभे राहिलात त्यावर दर्शन ठरतं. इथे फक्त कॉम्प्युटर, केबल आणि मॉनिटर या तिघांत जो सर्वांत जुना, त्याच्या चालीनं बाकीच्यांना चालावं लागतं.

त्याच मंडळातला दुसरा एक गेम खेळणारा. वर्षभर पैसे साठवून भलंमोठं ग्राफिक्स कार्ड आणलं, आणि मॉनिटरची केबल मात्र डब्याच्या वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या तोंडात लावली. कार्ड खाली आडव्या तोंडांनी वाट बघत बसलेलं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चाललेला, कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा आपल्याला बदलावा लागतो हे त्याला पाकिटावर सापडलं नव्हतं. तो महिनाभर मित्रांना "कसला स्मूथ चालतो!" म्हणून दाखवत होता आणि मित्रही "हो रे" म्हणत होते.

गणपतीत तर लालबागला पडदेच पडदे. मंडपाबाहेर एलईडीची भिंत उभी राहते. कार्यकर्ता पन्नास फुटी एचडीएमआय केबल मागवतो, कारण लॅपटॉप इकडे आणि भिंत तिकडे. साध्या तांब्याच्या एचडीएमआयला एवढ्या लांब चालवत नाही. पंधरा-वीस फुटांपुढे फोर-केची खात्री उरत नाही. अशा ठिकाणी फायबरची केबल नाहीतर नेटवर्कच्या तारेवरून सिग्नल न्यावा लागतो. भिंतही एकसंध नसते. छोट्या-छोट्या चौकटी एकमेकींना नेटवर्कच्या तारेनं जोडलेल्या असतात आणि त्यांचा क्रम चुकला की चित्राची फाळणी होते. उद्घाटनाच्या भाषणात प्रमुख पाहुण्यांची हनुवटी कपाळाच्या वर गेलेली मी पाहिली आहे. भाषणावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

परळला वेगळीच तऱ्हा. जिथे गिरण्यांचे भोंगे वेळेवर वाजत, त्या जागांवर आता काचेची ऑफिसं आहेत आणि अकराची मीटिंग अकरा वीसला सुरू होते. मधली वीस मिनिटं 'डोंगल कुठंय?' यात जातात. दहा-बारा पगारदार माणसं टेबलाखाली वाकून तारा हुंगत असतात. भिंतीवरच्या पडद्यातून जी केबल खाली आलेली असते तिचं टोक एचडीएमआय, आणि साहेबांच्या लॅपटॉपला नुसती यूएसबी-सी. ही यूएसबी-सी सर्वांत कावेबाज. २४ पिना, उलटी घाला की सुलटी, आत जाते. पण चित्र येईलच असं नाही. तोंड सगळ्यांचं सारखं; काही नुसतीच चार्जिंग करतात, काही फाईली नेतात, आणि थोडीच चित्र नेतात. तोंडाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असली तर बहुधा जमतं. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलीनं प्रेझेंटेशन दाखवायचा प्रयत्न करणारे अधिकारी अजून मीटिंगमध्ये आहेत.

शेवटी कुणीतरी ज्युनिअर मुलगी येते, विंडोजची खूण आणि पी अशी दोन बटणं एकत्र दाबते, आणि चित्र भिंतीवर येतं. एवढा वेळ पडदा आणि तो टांगणारी एजन्सी यांना शिव्या चाललेल्या असतात. मग सगळे भिंतीकडे बघतात. भिंतीवर साहेबांच्या 'कुटुंब' ग्रुपवरचा सुप्रभात संदेश, गुलाबाच्या फुलासकट, पाऊण भिंत व्यापून.

दादरचं सांगायचं तर तिथे मॉनिटर घेतच नाहीत, टीव्हीलाच कॉम्प्युटर जोडतात. मग पडद्याच्या कडा कापल्या जातात आणि खालची स्टार्टची पट्टी सापडत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते लावलं की कडा येतात. हे एका वाक्याचं काम आहे, पण त्यापायी दादरमधल्या काही घरांत स्टार्टचं बटण सोफ्यामागे पडलंय असं समजून शोधलं गेलं आहे.

तेव्हा एवढी विनंती. पडदा काळा झाला की त्याच्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. सोर्सचं बटण दाबा, केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावा आणि दुसरा लॅपटॉप जोडून बघा. निम्म्याहून अधिक वेळा चहा व्हायच्या आत काम होईल. आणि केबल आणायला लॅमिंग्टन रोडला निघालाच, तर कॉम्प्युटरच्या आणि मॉनिटरच्या, दोघांच्याही पाठीचे फोटो मोबाईलमध्ये काढून न्या. हवेत आकार काढू नका. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.